बालबाधिर्य : सहाव्या महिन्याआतला प्रश्न

पुष्य नक्षत्राच्या दिवशी आपल्यापैकी अनेकांच्या चिकित्सालयाबाहेर सकाळपासूनच रांग लागते. कडेवरची, खांद्यावर निजलेली, आजीचे बोट धरून आलेली बालके सुवर्णप्राशनाच्या थेंबांसाठी तिष्ठत असतात. काश्यपसंहितेत सुवर्णप्राशनाचे फल सांगताना, सहा महिने ते घेणारे बालक 'श्रुतधर' होते, म्हणजेच ऐकलेले धारण करते, असे म्हटले आहे. हा शब्द आपण फलकावर ठळक अक्षरांत लिहितो. आम्हीही लिहिला आहे. परंतु रांगेतील बालकाला मुळात ऐकू येते की नाही, हा प्रश्न आम्ही कित्येक वर्षे एकाही मातेला विचारला नव्हता. जे श्रुतच नाही ते धारण कसे व्हावे, हा साधा विचार आमच्या मनात आला नाही. तो कशामुळे आला आणि त्यापोटी आपल्या व्यवसायबंधूंकडे काय मागणे आहे, हे सांगण्याकरिता प्रस्तुत लेखाचा प्रपंच.

आधी आमची चूक सांगतो. पुष्कळ वर्षांपूर्वी दोन वर्षांच्या आतबाहेरचा एक मुलगा आमच्याकडे आणला गेला. तक्रार एकच : बोलत नाही. प्रकृती सुदृढ, चालणे वेळेवर, नजर चपळ. ऐकू येते का, असे आम्ही विचारले नाही असे नाही; विचारले. आई म्हणाली, "दार वाजलं की बघतो की." आजीने पुष्टी जोडली, "याचा बापही तीन वर्षांचा होऊन बोलला." घराण्यातच उशिरा बोलण्याची रीत आहे म्हटल्यावर आमचेही समाधान झाले. वेखंडाचे चूर्ण मधातून जिभेवर, अक्कलकारा, ब्राह्मी घृत, जोडीला सारस्वतारिष्ट असा उपक्रम सुरू झाला. पुढे कानाविषयी शंका आली तेव्हा बिल्व तेलाचे कर्णपूरणही जोडले. सव्वा वर्ष हे चालले. अखेर गावातील अंगणवाडी सेविकेच्या आग्रहावरून त्या कुटुंबाने शहरात जाऊन तपासणी करून घेतली. दोन्ही कानांत तीव्र बाधिर्य, बहुधा जन्मापासूनचे, असा अहवाल आला. मुलाचे वडील तो कागद दाखवायला मुद्दाम आमच्याकडे आले. ते रागावले नव्हते. त्यांनी एवढेच विचारले, "डॉक्टरसाहेब, तेल चालू ठेवायचं का?"

त्या प्रश्नाचे उत्तर आम्हांस त्या दिवशी नीट देता आले नाही.

वास्तविक ते उत्तर आपल्याच ग्रंथांत होते. बाधिर्याच्या साध्यासाध्यतेचा विचार करताना ग्रंथकारांनी बालकाचे, वृद्धाचे आणि चिरकालीन बाधिर्य वर्ज्य ठरविले आहे. शालाक्यतंत्राच्या परीक्षेपुरते हे आपण सर्वांनी पाठ केले. व्यवसायात पडल्यावर मात्र ते सोयीस्करपणे विसरलो. ज्यांना ते आठवत होते त्यांनी त्याचा अर्थ "आता काही उपाय नाही" असा केला आणि पालकांना तसे सांगून घरी धाडले. आमच्या मते दोन्ही वर्तने सारखीच घातक आहेत. पहिल्यात बालकाचा काळ जातो, दुसऱ्यात पालकांची उमेद जाते, आणि तिच्यामागून काळही जातोच. असाध्यत्व कानाचे सांगितले आहे. भाषेचे कोणी सांगितलेले नाही. कान आणि भाषा या दोन गोष्टी भिन्न आहेत, हे आम्हांस ज्यांच्या संशोधनामुळे उमगले, त्या विदुषी आयुर्वेदाशी संबंधित नाहीत, आणि भारतातीलही नाहीत.

अमेरिकेतील कोलोराडो विद्यापीठाच्या प्राध्यापिका क्रिस्टीन योशिनागा-इटानो यांनी आपल्या सहकाऱ्यांसह १९९८ साली 'पीडिअॅट्रिक्स' या बालरोगविषयक नियतकालिकात एक निबंध प्रसिद्ध केला. श्रवणदोष असलेल्या १५० बालकांच्या भाषेचा तो अभ्यास होता. त्यांतील ७२ बालकांचा दोष वयाच्या सहाव्या महिन्यापर्यंत ध्यानात आला होता, तर ७८ बालकांचा त्यानंतर. दोष कळल्यावर दोन्ही गटांना मिळालेली सेवा एकाच धर्तीची होती, आणि ती निदानानंतर सरासरी दोन महिन्यांच्या आत सुरू झाली होती. बालके एक ते तीन वर्षांची झाली तेव्हा त्यांना किती शब्द समजतात आणि ती किती व्यक्त करतात, हे पालकांकडून एका प्रमाणित प्रश्नावलीद्वारे भरून घेण्यात आले.

निष्कर्ष असा की, सहा महिन्यांच्या आत ज्यांचे निदान झाले त्यांची भाषा दुसऱ्या गटाहून स्पष्टपणे सरस होती. हे वाचून कोणी म्हणेल, यात नवल ते काय? आम्हीही प्रथम तसेच म्हटले. पण पुढे वाचत गेलो तसे हे संशोधन डोक्यातून जाईना. सर्वसाधारण बुद्धिमत्ता असलेल्या बालकांत हा लाभ श्रवणदोष सौम्य असो की अतितीव्र, दोहोंत दिसला. पालक सुशिक्षित असोत वा नसोत, सधन असोत वा निर्धन, दिसला. मुलगा-मुलगी असा भेद आढळला नाही. कुटुंबाने बालकाशी केवळ वाणीने संवाद केला की हाताच्या खुणांची जोड दिली, यानेही तो नाहीसा झाला नाही. आणि सर्वांत विचारात पाडणारी बाब ही की, उशिरा निदान झालेल्या बालकांचे वयाप्रमाणे आणखी चार गट पाडले असता त्यांच्या आपसांत लक्षणीय अंतर आढळले नाही. सातव्या ते बाराव्या महिन्यात कळलेले बालक आणि दोन वर्षे उलटून गेल्यावर कळलेले बालक, दोघे भाषेत जवळजवळ सारखेच मागे होते. अंतराची रेषा पहिल्या सहा महिन्यांपाशीच उमटली.

याचा अर्थ सहा महिने उलटले की सारे संपले, असा कोणी करू नये. आमच्याकडे आलेला तो मुलगा आज हातांनी उत्तम बोलतो आणि आपल्या पायांवर उभा आहे. परंतु ज्या काळात मेंदू भाषा स्वीकारण्यास सर्वाधिक उत्सुक असतो तो काळ फार लवकर येतो आणि फार लवकर जातो, हे या अभ्यासाने आकड्यांत दाखविले. गर्भस्थ बालक साधारण सहाव्या-सातव्या महिन्यापासून ऐकू लागते. म्हणजे ऐकणारे मूल जन्माला येते तेव्हा त्याच्या गाठीशी आईच्या आवाजाची दोन-तीन महिन्यांची शिदोरी असते. न ऐकणारे मूल त्याच दिवशी मागे पडलेले असते आणि आपण त्याच्या दुसऱ्या वाढदिवसाची वाट पाहतो.

या 'सेवे'त काय होते, हेही सांगणे अगत्याचे आहे, कारण वाचकांच्या मनात यंत्रे आणि शस्त्रकर्मे यांचे चित्र उभे राहील. श्रवणयंत्र होते. पण खरा उपक्रम घरी चालत असे. प्रशिक्षित व्यक्ती साधारण आठवड्यातून एकदा घरी येई आणि बालकापेक्षा पालकांनाच शिकवी : बालकाच्या समोर बसून, चेहरा उजेडात ठेवून कसे बोलावे, त्याची नजर जेथे आहे त्या वस्तूचे नाव कसे घ्यावे, यंत्र कानात टिकावे यासाठी काय करावे, खुणा केव्हा वापराव्यात. यात औषध नाही. सूतिकागारातील स्त्रीला वैद्य जसा परिचर्येचा उपदेश करतो, त्याच जातीचे हे काम आहे. आपल्या परिभाषेत यास याप्य व्याधीची चिकित्सा म्हणता येईल. सुश्रुताने याप्य रुग्णाला कोसळू पाहणाऱ्या घराची आणि चिकित्सेला नीट लावलेल्या टेकूची उपमा दिली आहे. मात्र बालबधिराच्या बाबतीत ही उपमा थोडी अपुरी पडते. त्याचे घर कोसळत नसते; ते अजून बांधलेच गेलेले नसते.

संशोधनाची दुसरी बाजूही आम्ही लपविणार नाही. दोन्ही गट चिठ्ठ्या टाकून पाडलेले नव्हते. कोलोराडोत त्या काळी काही रुग्णालयांत नवजातांची श्रवणतपासणी सुरू झाली होती, काहींत नव्हती. त्यातून हे दोन गट आपोआप घडले. म्हणूनच २००१ साली अमेरिकेतील प्रतिबंधक आरोग्यसेवांचा विचार करणाऱ्या तज्ज्ञ कृतिदलाने, सर्व नवजातांची तपासणी करावी की नाही हे ठरविण्यास पुरावा अपुरा आहे, असे मत दिले. पुढे आणखी पुरावा जमला आणि २००८ साली त्याच कृतिदलाने तपासणीची शिफारस केली. २०१७ साली योशिनागा-इटानो यांनीच १२ राज्यांतील ४४८ बालकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पहिल्या महिन्यात चाळणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान आणि सहाव्या महिन्यापर्यंत पुनर्वसनास आरंभ, ही त्रिसूत्री ज्यांच्या बाबतीत पाळली गेली त्यांचा शब्दसंग्रह इतरांहून मोठा आढळला. विरोधी मत आले म्हणून चिडायचे नाही, अधिक पुरावा घेऊन परत यायचे, हा या बाईंचा बाणा आम्हांस विशेष भावला. आपल्या परिषदांतून एखाद्या योगाविषयी कोणी शंका काढली की वातावरण कसे तापते, हे येथे वेगळे सांगायला नको.

ही त्रिसूत्री एका दिवसात अवतरली नाही. तिच्या मागे कोलोराडोतीलच आणखी एका स्त्रीचे आयुष्य आहे. मेरियन डाउन्स यांनी १९६०च्या दशकात डेन्व्हर शहरातील रुग्णालयांत स्वयंसेविकांच्या साह्याने सुमारे १७,००० नवजात बालकांची श्रवणपरीक्षा घेतली. पद्धत अगदी साधी : बालकाजवळ ठरावीक मोठा आवाज करायचा आणि ते दचकते का, डोळे मिटते का, हे पाहायचे. परंतु झोपलेले बालक दचकत नाही, भुकेले बालक आवाजाविनाही हलते, आणि पाहणाऱ्या दोघींचे मत जुळत नाही. डाउन्स यांच्याच पुढाकाराने १९६९ साली स्थापन झालेल्या संयुक्त समितीने, ही रीत सरसकट वापरण्याइतकी विश्वसनीय नाही, असा निर्वाळा आरंभी दिला. त्यांनी तो स्वीकारला आणि नव्या साधनाची वाट पाहिली. २०१४ साली शंभर वर्षांच्या होऊन त्या निवर्तल्या, तेव्हा त्यांच्या देशात ९५ टक्क्यांहून अधिक नवजातांची श्रवणतपासणी होत होती.

येथे आपल्या काही विद्वान मित्रांना चरकाच्या शारीरस्थानातील जातमात्र बालकाचा उपचार आठवेल. बालकाच्या कर्णमूलाशी दोन दगड परस्परांवर आपटावेत, असे तेथे सांगितले आहे. त्यावरून नवजात श्रवणपरीक्षा आमच्याकडे दोन सहस्र वर्षांपूर्वीच होती, असे व्याख्यान कोणी देऊ नये, ही विनंती. तो विधी निश्चेष्ट बालकात प्राण परत आणण्यासाठी आहे. कानाच्या परीक्षेचा हेतू त्यात नाही. आणि असता, तरी दगडांची परीक्षा डेन्व्हरच्या परीक्षेइतकीच फसवी ठरली असती. घरोघरी थाळी वाजवून होणारी परीक्षाही अशीच फसवी आहे. थाळी वाजविणाऱ्या हाताची सावली बालकाला दिसते, हवेचा झोत गालाला लागतो, लाकडी पाळणा थरथरतो. आमच्या त्या मुलाला दाराचा आवाज नव्हे, दाराबरोबर येणारा उजेड कळत होता. अर्धवट बाधिर्य असेल तर बालक मोठ्या आवाजाला खरोखरच वळते; त्याला ऐकू येत नाहीत ती आईची साधी वाक्ये. शिवाय बधिर बालकही पहिले काही महिने इतरांसारखेच हुंकारते. त्याच्या मुखातून 'बाबाबा', 'दादादा' अशी अक्षरमाला सहाव्या-सातव्या महिन्यानंतर उमटत नाही, तेव्हा कुठे फरक जाणवू लागतो; आणि तोही जाणत्या कानालाच.

मग भरवशाचे साधन कोणते? १९७८ साली लंडनमधील डेव्हिड केम्प यांनी दाखवून दिले की निरोगी अंतःकर्ण नुसते ऐकत नाही, आवाज कानात शिरला की उत्तरादाखल स्वतःही अतिमंद ध्वनी बाहेर टाकते. कर्णपथात मऊ टोकाची लहान नळी बसवून हा प्रतिध्वनी टिपता येतो. हीच ओएई तपासणी. बालक झोपलेले असताना काही मिनिटांत ती होते. सुई नाही, औषध नाही, वेदना नाही. पहिल्या वेळी उत्तर मिळाले नाही म्हणजे बाधिर्य सिद्ध झाले असे नव्हे. कर्णपथात जन्मवेळचा द्रव असला तरी असे होते, म्हणून ती पुन्हा करतात. पुन्हाही उत्तर न आल्यास बेरा नावाची दुसरी तपासणी होते, तीत आवाज मज्जामार्गाने पुढे पोहोचतो की नाही हे कळते. कानाचे उत्तर ठीक पण मज्जामार्ग सदोष, असेही काही बालकांत असते. कावीळ फार वाढलेल्या अथवा अतिदक्षता कक्षात राहिलेल्या बालकांची म्हणून बेरा करून घेणेच इष्ट.

जन्मजात श्रवणदोषाचे प्रमाण दर हजार बालकांत एक ते तीन मानले जाते. आकडा लहान वाटेल. पण आपल्या सभासदांपैकी ज्यांच्याकडे वर्षानुवर्षे सुवर्णप्राशनाची शिबिरे चालतात, त्यांच्या नोंदवहीतील एकंदर नावे मोजून पाहावीत. आम्ही मोजली, आणि त्या हिशेबाने आमच्या हातून किती बालके थेंब घेऊन तशीच निघून गेली असतील, या विचाराने अस्वस्थ झालो. माता-पिता सगोत्र असणे, घरात कोणी बधिर असणे, गर्भिणीस रुबेला होणे, बालकास मस्तिष्कावरणाचा दाह होणे, ही धोक्याची लक्षणे खरी. परंतु केवळ अशाच बालकांना तपासले तर जवळजवळ निम्मी निसटतात, कारण त्यांच्या बाबतीत धोक्याचे कोणतेच लक्षण नसते. प्रश्न सर्वांनाच विचारला पाहिजे.

आता आपल्या घरची स्थिती. महाराष्ट्रात यंत्रणा नाही, ही सबब चालणार नाही. वांद्रे येथे १९८३ पासून अली यावर जंग राष्ट्रीय संस्था वाणी आणि श्रवण याच विषयासाठी कार्यरत आहे. बाधिर्य प्रतिबंध व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम २००७ साली सुरू झाला. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ तर ६ फेब्रुवारी २०१३ रोजी आपल्याच पालघर येथून झाला. जन्मजात बाधिर्याचा समावेश त्याच्या तपासणीयादीत आहे, आणि पुढील तपासणीसाठी जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्रे आहेत. गरजू बालकांना कॉक्लिअर इम्प्लांटसाठी २०१४ पासून केंद्राच्या एडिप योजनेतून साह्य मिळू शकते. तेही बालक लहान असतानाच. केंद्रांतील मनुष्यबळ आणि यंत्रे सर्वत्र सारखी नाहीत, तारखा लांबच्या मिळतात, हे आम्ही जाणतो. पण लांबची तारीख तिसऱ्या महिन्यात मागितली तर ती सहाव्यापर्यंत येते. तिसऱ्या वर्षी मागितली तर काय होते, ते वर सांगितलेच आहे.

या बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या फिरत्या पथकात दोन वैद्यकीय अधिकारी असतात आणि ते आयुष पदवीधर असतात. त्यांच्यासमवेत परिचारिका आणि औषधनिर्माता. म्हणजे अंगणवाडीतील बालकाच्या कानाचा प्रश्न शासनाने आपल्याच पदवीधर मुला-मुलींच्या हाती दिला आहे. सकाळी पथकात बसून संशयित बालकाला जिल्ह्याला पाठवायचे आणि सायंकाळी स्वतःच्या चिकित्सालयात तशाच बालकाला वेखंड चाटवायचे, ही विसंगती निदान आपल्या संघटनेत तरी राहू नये.

वेखंडाला वा बिल्व तेलाला आमचा विरोध आहे, असा अर्थ कृपया कोणी काढू नये. सुश्रुताच्या उत्तरतंत्रातील दोन अध्याय कर्णरोगांना वाहिलेले आहेत. कर्णशूल, कर्णकंडू, कर्णनाद यांत आपल्या उपक्रमांचा अनुभव आपण घेतोच. कानातील मळाने अथवा प्रतिश्यायानंतर आलेल्या जडपणाने ऐकू कमी येत असेल तर ते स्वतंत्र प्रकरण आहे. आमचे म्हणणे क्रमापुरते आहे. बोलत नाही या तक्रारीचे बालक आले, तर श्रवणतपासणीचा अहवाल हाती येईपर्यंत वाणीसाठी औषधाची योजना करू नये. 'महिनाभर घेऊन पाहा' हे वाक्य या एका तक्रारीपुरते आपण आपल्या मुखातून हद्दपार करावे. वाहत्या कानात किंवा पडद्याला छिद्र असताना तेल घालू नये, हे तर कोणीही सांगेल.

औषधी भांडारांच्या मालकांशी दोन शब्द स्वतंत्रपणे बोलावेसे वाटतात, कारण पुष्कळ पालक वैद्याकडे येण्यापूर्वी दुकानाच्या फळीपाशी येतात. "पोरगं बोलत नाही, काही चाटण आहे का?" असे विचारणाऱ्या बापाला सारस्वतारिष्टाची बाटली काढून देणे हा आपला धंदा आहे आणि त्यात लबाडी नाही. पण ती बाटली देताना, मुलाचे कान तपासले आहेत का, हे विचारायला भांडवल लागत नाही. नसतील तपासले, तर जिल्हा केंद्राचा पत्ता चिठ्ठीवर लिहून द्यावा. बाटलीचे पैसे त्या दिवशी गेले तर गेले. ते कुटुंब आपल्याला विसरत नाही. बाधिर्य बरे करण्याचा दावा करणाऱ्या तेलांचे आणि थेंबांचे फलक काही दुकानांत अद्याप झळकतात, त्यांविषयी मात्र सौम्यपणे बोलता येत नाही. औषधे व चमत्कारी उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविषयीच्या १९५४च्या अधिनियमाच्या परिशिष्टात बाधिर्याचे नाव आहे. अशी जाहिरात लावणे हा गुन्हा आहे. उत्पादकाचा विक्रेता फलक देऊन जातो आणि दंड दुकानदाराला होतो, हे तरी ध्यानात घ्यावे.

आपली म्हण आहे, कान सोनारानेच टोचावेत. हे टोचणे एखाद्या अन्य पॅथीच्या व्यासपीठावरून झाले असते तर आपण सारे उसळून उठलो असतो. म्हणून ते आपल्याच पत्रिकेतून झालेले बरे. योगायोग असा की, सुश्रुताने कर्णवेधासाठी सहावा किंवा सातवा महिना सांगितला आहे. योशिनागा-इटानो यांचा सहावा महिना वेगळ्या वाटेने आला. दोहोंचा संबंध जोडण्याचा आमचा मानस नाही. पण त्या वयात बालकाचे कान एकदा तरी जाणत्या माणसाच्या हाती येतात, एवढी सोय त्या संस्काराने करून ठेवली होती. आता बहुतेक ठिकाणी ते काम बारशाच्या सुमारास उरकले जाते आणि टोचणारा पाळीपुढे पाहत नाही.

आमच्या चिकित्सालयात सुवर्णप्राशनाच्या नोंदवहीत नाव, जन्मतारीख, वजन असे रकाने होते. त्यांत आणखी एक रकाना आम्ही आखला आहे : श्रवणतपासणी झाली आहे काय, कोठे, कधी. सहा महिन्यांच्या आतील ज्या बालकाचा रकाना रिकामा राहतो त्याच्या मातेला थेंब देण्याआधी चिठ्ठी दिली जाते आणि पुढच्या पुष्य नक्षत्राला, म्हणजे सत्तावीस दिवसांनी, अहवाल विचारला जातो. आरंभी माता नाराज होतात. "माझं बाळ चांगलं ऐकतं" असे म्हणून चिठ्ठी पर्समध्ये ढकलतात. आजी तर सरळ भांडतात. रांग लांबते, मदतनीस मुलगी कुरकुरते, आणि दोन-तीन कुटुंबे त्यामुळे दुसऱ्या केंद्राकडे वळलीही. बहुतेक अहवाल निर्दोष येतात आणि आम्ही ते शाईने नोंदवितो. गेल्या खेपेस एका चार महिन्यांच्या मुलीचा अहवाल आला, त्यावर दोन्ही कानांपुढे पुन्हा तपासणी करावी असा शेरा होता. तिच्या वडिलांनी विचारले, तोपर्यंत कानात काही घालायचे का. आम्ही नाही म्हणालो, आणि बेराच्या तपासणीची तारीख त्यांच्यासमोर दूरध्वनी करून घेतली.